चाकणच्या गोदामातला हवाई माल कुत्र्याकडून तपासून घ्यायचा तर

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. चाकणच्या गोदामातून गाड्यांचे सुटे भाग विमानानं बाहेर जातात, थोडे लोहगावहून आणि बरेचसे ट्रकनं मुंबईच्या सहार कार्गोला. गिअर, क्रँकशाफ्ट भरलेलं पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या तळावर रचून बांधलेली खोकी, एक्स-रेच्या पडद्यावर नुसतं काळं ठिक्कर दिसतं. ऑपरेटर ते बाजूला काढतो. मग पॅलेट फोडा, खोकी मोकळी करा, पुन्हा बांधा, आणि तोवर विमान गेलेलं असतं. यावर तुमच्या मालकांचा तोडगा असा की स्फोटकं हुंगायला शिकवलेले दोन लॅब्रॅडोर आणि त्यांना हाताळणारा एक हँडलर ठेवायचा, माल गोदामातच तपासायचा आणि सील करून पाठवायचा. हे जमेल का, आणि कुत्र्यावर किती विसंबायचं, हे तुम्हाला हवंय.

दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंय. जाड लोखंडातून एक्स-रे पार जात नाही, आणि अशाच मालात कुत्र्याचा खरा उपयोग आहे, कारण त्याला धातूच्या आरपार पाहायचं नसतं. अमेरिकेत २००७ च्या कायद्यानं प्रवासी विमानातून जाणारा सगळा माल तपासणं सक्तीचं केलं आणि त्यासाठी ऑगस्ट २०१० ची मुदत दिली. तिथल्या मालवाहतूकदारांचीही हीच अडचण झाली, की भरलेलं पॅलेट न फोडता तपासायचं कसं. २०१८ मध्ये तिथं सरकारी मानकावर प्रमाणित झालेल्या खासगी कुत्र्यांना या कामाची परवानगी मिळाली. म्हणजे कल्पना चुकीची नाही. फक्त मालकांनी सुरुवात कुत्र्यापासून केली आहे, ती गोदामापासून करायला हवी.

आधी कायद्याचं. विमानात चढणाऱ्या मालाची तपासणी कुणी, कुठं, कोणत्या पद्धतीनं करायची हे आपल्याकडे बीसीएएस, म्हणजे विमान वाहतुकीच्या सुरक्षेचं केंद्र सरकारी कार्यालय, ठरवतं. त्यांच्या मंजुरीबाहेर तुमच्या कुत्र्यानं पॅलेट साफ ठरवलं, तरी कार्गो टर्मिनलवर ते पुन्हा तपासलं जाणारच. तुमचा एजंट रेग्युलेटेड एजंट, म्हणजे बीसीएएसची मान्यता असलेला, आहे का आणि त्याच्या मंजूर सुरक्षा कार्यक्रमात कुत्र्याकडून तपासणी बसते का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. दुसरं, कुत्र्याचा सराव टिकवायला खरी स्फोटकं लागतात. टीएनटी, आरडीएक्स, पीईटीएन गोदामाच्या कपाटात ठेवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी स्फोटक नियम, २००८ खाली परवाना लागतो आणि तो नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अखत्यारीत येतो. म्हणून 'कुत्रा आम्ही तयार करून देतो, पुढचं तुम्ही बघा' असं म्हणणाऱ्या पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याकडे परवान्याचं साठवणघर कुठं आहे, आणि दर आठवड्याला खरे नमुने घेऊन कोण येणार? उत्तर 'कृत्रिम वासाच्या कुप्या देतो' असं आलं, तर बोलणं तिथंच थांबवा. कुपीवर शिकलेला कुत्रा कुपी शोधतो.

आता मूळ मुद्दा. कुत्रा खोक्याचा वास घेत नाही, खोक्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा घेतो. हवा बाहेर पडलीच नाही, तर जगातलं सर्वांत चांगलं नाकही तिथं कोरडंच राहतं. त्यात बरीचशी लष्करी स्फोटकं फार कमी वाफ सोडतात. आरडीएक्सची स्वतःची वाफ इतकी नगण्य असते की प्लास्टिक स्फोटकात कुत्र्याला बहुधा सोबतची द्रव्यं लागतात, उदाहरणार्थ प्रक्रियेतून उरलेलं सायक्लोहेक्झानोन. टीएनटीच्या बाबतीत त्यात अशुद्धी म्हणून राहिलेलं डीएनटी जास्त वास देतं. १९९१ च्या माँट्रियल करारानुसार कारखान्यात बनणाऱ्या प्लास्टिक स्फोटकात ओळख पटवणारं वाफाळ द्रव्य मिसळतात, त्याचाही कुत्र्याला उपयोग होतो. सगळं मिळून हिशेब थेंबाथेंबाचा आहे, आणि म्हणून हवेची वाट मोकळी असणं हेच पहिलं काम.

तुमच्या गोदामाची आजची रीत डोळ्यांसमोर आणा. सुटे भाग गंजू नयेत म्हणून व्हीसीआय पिशवीत, पिशवीचं तोंड गरम पट्टीनं बंद, पिशवी खोक्यात, खोकी पॅलेटवर, आणि वरून श्रिंक फिल्मचे आठ-दहा वेढे, अगदी खालच्या फळ्यांपर्यंत. आता कुत्रा आणला तर तो काय हुंगणार? फिल्म हुंगणार. हाच क्रम उलटा करा. भरलेली खोकी पॅलेटवर रचून पट्ट्या मारून झाली की फिल्म न गुंडाळता तो माल तपासणीच्या जागी न्या, कुत्र्याकडून तपासून घ्या, आणि मग देखरेखीखाली तिथंच फिल्म गुंडाळून सील लावा. तपासणी ते सील यांच्या मध्ये पॅलेट कुणाच्याही नजरेआड जाता कामा नये. एवढ्या एका बदलानं जेवढा फरक पडतो, तेवढा महागडा कुत्रा आणून पडत नाही.

मांडणीबद्दल. पॅलेट एका ओळीत, दोहोंमध्ये साधारण एक मीटर जागा, म्हणजे कुत्र्याला चारही बाजू मिळतात. भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. उंची दीड मीटरच्या आत ठेवा, त्यावरच्या खोक्यांशी कुत्र्याचं नाक पोचत नाही आणि त्याला उड्या मारायला लावणं हा उपाय नव्हे. एका ओळीत दहा-बारा पॅलेट पुरे. टेम्पोतून उतरवल्यावर माल लगेच तपासायला घेऊ नका, अर्धा तास स्थिर राहू द्या. हलवाहलवीत खोक्याभोवतीची हवा उडून गेलेली असते आणि गंधाचं तळं पुन्हा साठायला वेळ लागतो. डिझेलचा फोर्कलिफ्ट त्या भागात फिरवू नका, डॉकला लागलेल्या ट्रकचं इंजिन बंद करायला सांगा, छताचे मोठे पंखे किमान पंधरा मिनिटं आधी थांबवा.

हवा कुठून कुठं वाहते हे अंदाजानं सांगू नका, बघा. कुत्रं नसतानाच्या दिवशी एक उदबत्ती पेटवा आणि जागेवर चाला. एकदा ती जमिनीपासून हातभर उंचीवर धरा, एकदा छातीच्या उंचीवर. बहुतेक पत्र्याच्या गोदामांत दोन धूर दोन दिशांना जाताना दिसतात. सकाळी गार हवा जमिनीलगत पसरते. त्यामुळे वास शेजारच्या पॅलेटखाली जाऊन साठतो आणि कुत्रा खऱ्या खोक्यापासून चार-पाच फुटांवर बसतो. दुपारी पत्रा तापला की हवा सरळ वर चढते आणि वास नाकाच्या वरून निघून जातो. हा नकाशा कागदावर काढून हँडलरला द्या. कुत्र्याला नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूनं कामाला लावायचं, म्हणजे वास त्याच्याकडे येतो. शटर एकच उघडं ठेवलं तर हे जमतं. तिन्ही शटरं उघडी असली की नुसता गोंधळ.

कुत्र्याचं काम जवळून बघायला शिका, कारण उद्या 'हा खरंच बसला का' याचा निर्णय तुमच्यासमोर होणार आहे. वास लागायच्या आधी कुत्रा धापा टाकत, शेपूट हलवत पॅलेटच्या कडेनं जात असतो. मग अचानक तोंड मिटतं. धाप थांबते. पुढे गेलेलं डोकं मानेतून झटक्यानं मागं वळतं आणि नाकाचा बारीक, जलद सूं-सूं आवाज ऐकू येतो. नाक डावीकडे-उजवीकडे फिरतं आणि दर फेरीत ते अंतर कमी होत जातं, खोक्याच्या एका सांध्यापर्यंत. मग तो बसतो किंवा थिजून उभा राहतो. ओरबाडणं, भुंकणं नाही. बॉम्बशोधक कुत्र्याला मुद्दाम शांत इशारा शिकवलेला असतो. बसणं ही शेवटची पायरी आहे, खरी बातमी तोंड मिटलं तेव्हाच आलेली असते. कितीतरी वेळा कुत्र्याला वास लागलेला असतो आणि हँडलर पट्टा ओढून त्याला पुढच्या पॅलेटवर घेऊन जातो. पट्टा सैल हवा, आणि थबकलेल्या कुत्र्यापाशी हँडलरनं थबकायला हवं.

याची उलटी बाजू जास्त घातक आहे. हँडलरला वाटलं की इथं काहीतरी आहे, तर त्याचं चालणं मंदावतं, श्वास अडकतो, नजर खिळते, आणि कुत्रा ते वाचतो. २०११ साली कॅलिफोर्नियात १८ हँडलर-कुत्रा जोड्यांवर झालेल्या अभ्यासात शोधायची वस्तू जागेत कुठंच नव्हती, तरी बहुतेक फेऱ्यांत इशारे नोंदवले गेले, आणि हँडलरला खूण करून दाखवलेल्या ठिकाणी जास्त. तुमच्या बाबतीत हा धोका रोजचा आहे, कारण तुम्ही नेमकं एक्स-रेनं अडवलेलं पॅलेट कुत्र्यासमोर आणणार. 'हे एक्स-रेला अडलंय, नीट बघ' असं हँडलरला सांगितलं की तपासणी तिथंच संपली. त्याऐवजी ते पॅलेट पाच-सहा साध्या पॅलेटांच्या ओळीत मिसळा, कुठं आहे ते हँडलरला सांगू नका, आणि ज्यानं मांडलं त्याला फेरीच्या वेळी बाहेर उभं करा.

आता रोजच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण. तुमच्या गोदामात स्फोटक कधीच सापडणार नाही, आणि ते चांगलंच. पण कुत्र्याला बक्षिसाचा चेंडू मिळतो तो काही सापडलं तरच. महिनोन्महिने रिकाम्या ओळी हुंगल्या की शोध ढिला पडतो. म्हणून चालू कामाच्या ओळीत, खऱ्या मालात, परवानाधारक माणसाकडून नमुने लपवून घ्यावे लागतात. वेळ, जागा, उंची, पॅकिंग दर वेळी बदललेलं. काही दिवस एकही नाही, काही दिवस दोन. दर सोमवारी सकाळी तिसऱ्या पॅलेटवर, असं झालं की कुत्रा आणि हँडलर दोघंही सोमवार शिकतात. नमुन्याचं वजनही बदलायला हवं. फक्त दहा-वीस ग्रॅमवर शिकलेला कुत्रा काही किलोंच्या ढिगापाशी गोंधळतो, कारण दाट वास त्याच्या ओळखीचा नसतो.

लपवताना घोटाळा कुठं होतो तेही सांगतो. नमुना ठेवणाऱ्यानं हातमोजे घातले आणि बाकीच्या पॅलेटांना हात लावलाच नाही, तर कुत्रा मोज्याचा वास शिकतो. म्हणून त्याच मोज्यांनी, तशाच रिकाम्या पिशव्या आणखी चार-पाच ठिकाणी ठेवाव्या लागतात, आणि तिथं कुत्रा बसला नाही पाहिजे. व्हीसीआय कागद, गंजरोधक तेल, नवीन रबर, धुरी दिलेलं लाकूड, मजुरांची तंबाखूची पुडी, जेवणाचा डबा, हे सगळं कुत्र्याला 'काही नाही' म्हणून आधीच ओळखीचं करून द्यावं लागतं. लाकडी पॅलेट शक्यतो उष्णता दिलेली, एचटी शिक्क्याची घ्या. मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली ताजी पॅलेट कुत्र्याजवळ नकोतच. आणि वेगवेगळी स्फोटकं एकाच डब्यात ठेवली तर उडणाऱ्या द्रव्यांचा वास सगळ्यांना लागतो. मग कुत्र्याला सहा वेगवेगळे वास शिकवले असं आपण समजतो, प्रत्यक्षात तो एकच शिकलेला असतो.

किती विसंबायचं याचं उत्तर चाचणीत आहे. पुरवठादार म्हणेल, वीसपैकी वीस नमुने शोधले. ते ऐकायला छान आहे, पण गणितानं त्याचा अर्थ एवढाच की खरी चुकण्याची शक्यता १४ टक्क्यांपर्यंतही असू शकते. ती ५ टक्क्यांच्या आत आहे असं म्हणायला साठपैकी साठ लागतात. तेही हँडलरला आणि परीक्षकाला, दोघांनाही जागा माहीत नसताना. किती नमुने आहेत हे हँडलरला कळता कामा नये, शून्य असू शकतात हे मात्र माहीत असावं. चाचणी तुमच्या गोदामात, तुमच्याच मालात घ्या. मैदानावर मांडलेल्या दहा सुटकेसांमधली कामगिरी इथं चालत नाही. चुकीचे इशारेही मोजा. रोज २०० पॅलेट आणि दर शंभरामागे एक चुकीचा इशारा, म्हणजे दिवसाला दोनदा काम ठप्प. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, 'हा असाच बसतो, जाऊ द्या', आणि तिथून पुढे कुत्रा ठेवण्याला अर्थ राहत नाही.

चुकीचा म्हणण्याआधी मात्र थांबा. पुणे परिसरात खडकी, देहूरोडला दारूगोळ्याचे कारखाने आहेत, मोशी आणि वाघोलीकडे दगडाच्या खाणी आहेत. आदल्या दिवशी खाणीचं किंवा खताचं सामान वाहिलेला टेम्पो तुमचं पॅलेट घेऊन आला, तर कुत्रा बसेल आणि तो बरोबर असेल. दिवाळीत फटाके उडवून आलेल्या हाताचंही तसंच. त्या दिवसांत हात धुण्याची सोय डॉकजवळ करा आणि वाहनाचा आधीचा माल कोणता होता ते नोंदवहीत लिहून घ्या.

काही मालासाठी कुत्रा वापरूच नका. हवाबंद ड्रम आणि घट्ट बंद डबे यांतून हवा येत नाही, ते दुसऱ्या पद्धतीनं तपासायचे. पुण्याहून लशी आणि औषधं कोरड्या बर्फाच्या खोक्यांतून जातात, त्यांच्याजवळ कुत्रा नेणं धोक्याचं आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत कुत्र्याच्या नाकाच्या पातळीवरच साठतो. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या प्रिंटरच्या काडतुसांत पीईटीएन भरलेलं होतं. ते गुप्तवार्तेवरून सापडलं. एक्स-रे आणि कुत्री दोन्हींना ते कळण्यासारखं नव्हतं, असं त्यातलं एक खोकं वाहून नेणाऱ्या विमान कंपनीनं तेव्हा म्हटलं होतं. म्हणून माल कुणाचा, कुठून आला, कागद जुळतात का, ही तपासणी कुत्रा असला तरी सुटत नाही.

कुत्रा आणि हँडलर किती, यावर: दोन कुत्रे आणि एक हँडलर हे गणित मला पटत नाही. जोडी एकमेकांना ओळखून काम करते, आणि तो एक माणूस आजारी पडला की तुमची दोन्ही नाकं बंद. दोन कुत्रे, दोन हँडलर हे किमान. सलग शोध वीस ते तीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. आठ तासांच्या पाळीत एका कुत्र्याकडून अडीच-तीन तासांपेक्षा जास्त खरा शोध धरू नका. नीट मांडलेल्या पॅलेटला अर्धा ते एक मिनिट पुरतं, त्यामुळे वेळ कुत्र्यात जात नाही, फोर्कलिफ्टच्या मांडामांडीत जातो. माणसं तिथं वाढवा.

उन्हाळ्यात हे आकडे खाली येतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारचं काम नकोच, पहाटे पाच ते नऊ आणि सूर्य मावळल्यावर. धापा टाकणारा कुत्रा तोंडानं श्वास घेतो, म्हणजे तो हुंगत नाही, आणि 'फिरला म्हणजे तपासलं' अशी नोंद मात्र होते. फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही ठेवायचे नाहीत. जीभ टोकाशी पसरट, लाळ घट्ट, हिरड्या गडद लाल दिसल्या की काम बंद, अंगावर पाणी, पंखा आणि थेट डॉक्टर. पाणी थोडं थोडं, वारंवार. जेवण काम संपल्यावर, भरल्या पोटी पळवलेल्या कुत्र्याला पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

इशारा आला तर काय करायचं हे आधीच लिहून डॉकच्या भिंतीवर लावा. कुणीही खोकं हलवायचं, उघडायचं, टॅप करून बघायचं नाही. जवळ मोबाइल आणि वॉकीटॉकी वापरायचा नाही. हँडलर कुत्र्याला चेंडू न देता शांतपणे बाहेर नेतो. ओळीची जागा टिपून माणसं बाहेर काढायची आणि लांबून पोलिसांना फोन, पुढचं बॉम्बशोधक व नाशक पथकाचं. दुसऱ्या कुत्र्याकडून खात्री करायची असेल, तर त्याच्या हँडलरला पहिला कुठं बसला हे कळू न देता. चेंडू का नाही? कारण आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि रिकाम्या खोक्यावर बक्षीस दिलं तर पुढच्या वेळी तो रिकाम्या खोक्यावर बसेल. त्याच दिवशी बाजूला एक खरा नमुना शोधायला लावून त्याला बक्षीस द्या.

माझा सल्ला म्हणून विचाराल तर आत्ता कुत्रा घेऊ नका. एक महिना फक्त नोंद ठेवा: कोणतं एअरवे बिल (विमानानं जाणाऱ्या मालाची पावती) एक्स-रेला अडलं, पॅलेटची उंची किती होती, आत नेमकं काय होतं, फोडायला किती वेळ गेला. बरेच पॅलेट केवळ उंच आणि गच्च रचल्यामुळे अडतात, तेवढे भाग दोन पॅलेटांत विभागले की यंत्रातून सुटतात. फिल्मचा क्रम बदला, उदबत्तीचा नकाशा काढा. महिन्यानंतरही रोज वीस-पंचवीस पॅलेट अडकत असतील, तर ते आकडे घेऊन आधी तुमच्या एजंटकडे जा आणि टर्मिनलवर मंजूर श्वानपथकाकडून हा माल तपासून मिळतो का ते विचारा. तसं मिळालं, तर गोदामात कुत्रा पाळायची गरजच उरत नाही. नाही मिळालं, तर लेखी मंजुरी, परवानाधारक सरावाची सोय आणि दोन हँडलरांचा पगार, तिन्ही एका कागदावर मांडून मग मालकांसमोर ठेवा.